हंगामी फुलांचे बी : पाकीट एक, पंचांगे अनेक

हंगामी फुलांच्या बियांचे पाकीट दिल्लीत घेतले काय किंवा पुण्यात घेतले काय, त्याच्या पाठीवर छापलेली पेरणीची सूचना बहुधा एकच असते. देश मात्र एक हवामानाचा नाही. त्यामुळे एकाच पाकिटातील पिटुनिया इंदूरच्या गच्चीवर बहरतो आणि ठाण्याच्या गॅलरीत रोपावस्थेतच कुजून जातो. असे दोन-तीनदा घडले की ‘आमच्या हाताला झाडच लागत नाही’ असे म्हणून कुंड्या कोपऱ्यात रचल्या जातात. वास्तविक दोष हाताचा क्वचितच असतो. झेंडू, तेरडा, झिनिया, कॉसमॉस, कॅलेंड्युला यांसारखी फुले बियांपासून वाढविणे हे बागकामातील सर्वांत सोपे काम समजले जाते आणि ते तसे आहेही. त्यात चूक होते ती प्रामुख्याने वेळेची. पेरणी योग्य आठवड्यात झाली तर पुढील निम्मे काम हवाच करते. ती वेळ चुकली तर उत्तम खत आणि रोजची निगा यांनीही फारसा उपयोग होत नाही.

हंगामी फुलझाड म्हणजे ज्याचे बी रुजण्यापासून पुन्हा बी धरण्यापर्यंतचे सारे आयुष्य एकाच हंगामात आटोपते असे झाड. आंबा किंवा मोगरा एखादा वाईट ऋतू सोसून पुढच्या ऋतूची वाट पाहू शकतो. हंगामी झाडाला तशी सवड नसते. त्याच्याजवळ तीन ते पाच महिने असतात आणि त्या अवधीत ऊन, थंडी किंवा पाऊस प्रतिकूल निघाला तर ते खुरटेच राहून घाईघाईने दोन-चार फुले देते आणि संपते. म्हणूनच या झाडांच्या बाबतीत ‘कसे पेरावे’ याआधी ‘केव्हा पेरावे’ हा प्रश्न येतो.

सोयीसाठी या फुलांचे दोन गट मानता येतात. पहिला गट उष्णता आणि दमटपणा सोसणारा. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, तेरडा, कोंबडा, सूर्यफूल आणि सकाळी ऊन चढल्यावर उमलणारा चिनी गुलाब ही त्यातील नेहमीची मंडळी होत. यांतील बहुतेकांचे मूळ मेक्सिको व त्याच्या आसपासच्या उष्ण प्रदेशात किंवा दक्षिण अमेरिकेत आहे. तेरडा मात्र अस्सल इथला. गौरीच्या पूजेत त्याच्या रोपांना मान आहे. कोंबड्याचा रानटी भाऊबंद कुर्डू हा तर पावसाळी भाजी म्हणून कोकण-देशावर खाल्लाच जातो. दुसरा गट थंडीचा : पिटुनिया, फ्लॉक्स, डायँथस, डॉग फ्लॉवर, कॅलेंड्युला, नॅस्टर्शियम, लार्कस्पर, स्वीट पी, पॅन्झी. यांना रुजताना आणि वाढताना गार रात्री लागतात. हवा फार तापलेली असेल तर पॅन्झीसारखे बी उगवणच रोखून धरते. पेरणाऱ्याला वाटते, बी खोटे निघाले.

आता हे गट नकाशावर मांडले म्हणजे पाकिटावरील सूचनेचा अपुरेपणा ध्यानात येतो. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांप्रमाणे मोसमी पाऊस दिल्लीतून २५ सप्टेंबरच्या सुमारास परततो, तर मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या सुमारास. तेव्हा दिल्ली, ग्वाल्हेर, लखनौ या पट्ट्यात थंडीच्या फुलांचे बी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पेरावे. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात रोपे जागच्या जागी थबकल्यासारखी दिसतात, परंतु त्या काळात मुळे पसरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांचा पूर येतो. दिल्लीचे अमृत उद्यान, म्हणजे जानेवारी २०२३ पूर्वीचे मुघल उद्यान, नेमके त्याच दिवसांत लोकांसाठी खुले होते याचे कारण हेच आहे. एप्रिलच्या मध्यापर्यंत ऊन सारे जाळून टाकते.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, इंदूर या पठारी भागांत हीच पेरणी सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. थंडी सौम्य असल्याने रोपे अडखळत नाहीत आणि डिसेंबरअखेरीपासूनच फुले दिसू लागतात. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथे मात्र थंडी नावापुरतीच. तेथे पेरणी ऑक्टोबरअखेर, पाऊस पूर्ण थांबून हवेतील ओल कमी झाल्यावरच करावी आणि निवडही आटोपशीर ठेवावी. पिटुनिया, डायँथस, कॅलेंड्युला निभावतात. पॅन्झी आणि स्वीट पी यांच्या वाटेला किनाऱ्यावरील नवख्याने जाऊच नये. त्यात पैशांचा चुराडा आणि मनस्ताप यांखेरीज काही हाती लागत नाही. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच पावसाचा मुख्य काळ असल्यामुळे तेथील पंचांग आणखी निराळे होते. तेथे थंडीची फुले आडोशाला रुजवून पाऊस ओसरेल तशी उघड्यावर आणावी लागतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे बेंगळुरू याबाबतीत भाग्यवान आहे. तेथे दोन्ही गटांतील कितीतरी फुले जवळजवळ बाराही महिने घेता येतात आणि लालबागेतील पुष्पप्रदर्शने जानेवारी व ऑगस्ट अशी वर्षातून दोनदा भरू शकतात. सिमला किंवा उटीसारख्या थंड ठिकाणी हा सारा क्रम उलटतो. मैदानी प्रदेशात जी थंडीची फुले, ती तेथे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पेरून उन्हाळ्याची फुले होतात.

उष्ण गटाचे पंचांग तुलनेने सैल आहे. जून-जुलैची पेरणी देशाच्या बहुतेक भागांत साधते. शिवाय झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस यांची दुसरी पेरणी फेब्रुवारीत करून उन्हाळ्याच्या तोंडाशी फुले घेता येतात. मात्र कोकणासारख्या धुवाधार पावसाच्या प्रदेशात ऐन जुलैमध्ये उघड्यावर पेरलेले बी वाहून जाते किंवा सडते. तेथे बी आडोशाला रुजवावे आणि रोपे ऑगस्टमध्ये पाऊस थोडा उसंत घेऊ लागला की बाहेर लावावीत.

दसऱ्याचा झेंडू

घरच्या झेंडूचे तोरण दसऱ्याला दाराला लागावे अशी अनेकांची हौस असते आणि दरवर्षी बहुतेकांचा झेंडू दसऱ्याच्या आधी तरी संपतो किंवा दिवाळीच्या सुमारास तरी फुलतो. याचे उत्तर गणितात आहे. दसरा तिथीने येतो, झेंडू दिवसांनी वाढतो. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. फरक थेट २२ दिवसांचा. एखाद्या वाणाला पेरणीपासून फुलण्यास ८० दिवस लागत असतील तर २०२३ मध्ये ते ५ ऑगस्टच्या सुमारास पेरायला हवे होते आणि २०२५ मध्ये १४ जुलैच्या सुमारास. ‘आषाढात पेरला की दसऱ्याला येतो’ हा ठोकताळा आषाढ आणि दसरा यांच्या मध्ये अधिक महिना येत नाही अशा वर्षी तारखांची तफावत पुष्कळशी भरून काढतो, कारण महिना आणि सण दोन्ही एकाच पंचांगाचे असतात. इंग्रजी तारीख धरून दरवर्षी त्याच दिवशी पेरणारा मात्र फसतो.

दुसरी बाब वाणाची. बुटका, लहान फुलांचा मखमली झेंडू पेरणीपासून साधारण ५० ते ६० दिवसांत फुलू लागतो. मोठ्या गोंड्याच्या झेंडूला अडीच ते तीन महिने द्यावे लागतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘पुसा नारंगी गेंदा’ आणि ‘पुसा बसंती गेंदा’ हे वाण तर चार महिने किंवा त्याहूनही अधिक काळ घेतात. ते दसऱ्यासाठी हवे असतील तर पेरणी जूनच्या आरंभीच उरकावी लागते. बी विकत घेताना रंग आणि आकार पाहिला जातो, दिवस पाहिले जात नाहीत, आणि तोरण हुकते ते येथेच.

या गणितात एक सवलतही आहे. मोठ्या झेंडूला दिवस लहान होऊ लागले की फुलण्याची घाई होते, त्यामुळे किंचित उशिरा पेरलेले झाड कमी उंचीचे राहते पण लवकर फुलते. उलट, रोप लावल्यावर महिनाभराने मधला शेंडा खुडला तर बाजूच्या फांद्या फुटून फुलांची संख्या वाढते, परंतु पहिले फूल काही दिवस लांबते. सणाच्या हिशेबात हे दिवस धरावेत. आणि मोठ्या झेंडूला ‘आफ्रिकन’ तर लहानाला ‘फ्रेंच’ म्हणण्याची पद्धत असली तरी दोघांचेही माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका आहे. आपल्या भाषांनी मात्र त्याला आपापल्या परीने आपलेसे केले. कन्नडमध्ये तो ‘चेंडू हूवू’ झाला, तेलुगूमध्ये ‘बंती’, आणि दोन्हींचा अर्थ चेंडूच. गुजरातीत त्याला ‘गलगोटा’ म्हणतात.

पेरणी

बी किती खोल पेरावे याचा जुना नियम आजही पुरेसा आहे : बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. नियम सोपा असला तरी बियांच्या आकारांतील तफावत विलक्षण आहे. एक ग्रॅम वजनात नॅस्टर्शियमचे जेमतेम सात-आठ दाणे बसतात, झेंडूचे सुमारे ३०० आणि पिटुनियाचे जवळपास १०,०००. पिटुनियाच्या बियावर बोटभर माती लोटणे म्हणजे त्याला गाडणेच होय. पिटुनिया, डॉग फ्लॉवर, चिनी गुलाब यांच्या बियांना रुजताना उजेड लागतो, म्हणून ते ओल्या मातीच्या पृष्ठभागावर नुसते भुरभुरावे आणि तळहाताने हलकेच दाबावे. बारीक कोरड्या वाळूत मिसळून टाकले तर ते एकसारखे पसरते. याउलट कॅलेंड्युला, फ्लॉक्स, लार्कस्पर, नॅस्टर्शियम यांना अंधार हवा. ते मातीने पुरते झाकले गेले पाहिजे. स्वीट पी आणि नॅस्टर्शियम यांचे टणक बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरल्यास लवकर फुगते.

रुजवणीसाठी पसरट कुंडी, तळाला भोके पाडलेला डबा किंवा रोपांचा ट्रे चालतो. तळाला भोके हवीतच. मिश्रणात चाळलेली पोयट्याची माती, वाळू किंवा कोकोपीट, आणि पूर्ण कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत सारख्या प्रमाणात घ्यावे. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते एक-दोनदा धुऊन घेतलेले बरे. देशावरील काळी माती जशीच्या तशी कुंडीत भरू नये. ती ओली असता चिकट होऊन हवा कोंडते आणि सुकली की भेगाळते. अर्धवट कुजलेले शेणखत हे तर रोपांचे वैरीच. त्याची उष्णता आणि त्यातील बुरशी कोवळ्या मुळांना सोसत नाही. खत जास्त घातले म्हणजे रोपे जोमाने येतील ही समजूतही सोडावी. बियाच्या पोटात पहिल्या दिवसांपुरती शिदोरी असते आणि चार पाने येईपर्यंत रोपाला बाहेरचे फारसे लागत नाही.

पेरल्यावर कुंडीवर ओले गोणपाट किंवा वर्तमानपत्र टाकावे आणि पहिला कोंब दिसताच ते काढून घ्यावे. हे काढण्यात एका दिवसाचा उशीर झाला तरी रोपे उजेड शोधत लांबुळकी आणि पांढुरकी होतात व मग सावरत नाहीत. उजेडाला अपवाद असलेल्या वरच्या बारीक बियांवर वर्तमानपत्राऐवजी पारदर्शक प्लॅस्टिक ताणावे. झेंडू आणि झिनिया चार ते सात दिवसांत उगवतात, पिटुनिया दहा दिवसांपर्यंत, आणि लार्कस्परला तीन आठवडेही लागू शकतात. दरम्यान बी गायब होऊ लागले तर संशय मुंग्यांचा घ्यावा. पूर्वी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसाच ट्रे चार वाट्यांवर उचलून ठेवला की हा प्रश्न मिटतो.

लार्कस्पर, नॅस्टर्शियम, स्वीट पी यांची मुळे हलविलेली खपत नाहीत. ही फुले जेथे वाढवायची तेथेच पेरावीत आणि दाट उगवल्यास विरळणी करावी. विरळणी करताना अनेकांचा जीव होत नाही. उगवलेले प्रत्येक रोप ठेवावेसे वाटते. परंतु आठ इंची कुंडीत दाटीने उभी दहा रोपे मिळून जेवढी फुले देतात, त्याहून अधिक फुले मोकळेपणाने वाढलेली दोन रोपे देतात. झेंडू, पिटुनिया, अ‍ॅस्टर, डायँथस यांची रोपे चार-पाच पानांवर आली की संध्याकाळच्या वेळी हलवावीत. मोठ्या झेंडूला कुंडी १० ते १२ इंचांची लागते, वाफ्यात दोन रोपांमध्ये सुमारे ४० सेंटिमीटर अंतर ठेवावे. दिवसाकाठी किमान पाच-सहा तास थेट ऊन ही अट सर्वांनाच लागू आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या गॅलरीत यांपैकी बहुतेक फुले येणार नाहीत, आणि तेथे ती आणण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तेरडा तेवढा थोडी सावली चालवून घेतो.

पाणी बेताने

रुजलेली रोपे एका रात्रीत जमिनीलगत पिचून आडवी होतात, तेव्हा ती पाण्यावाचून वाळली असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि उरलेलीही जातात. या रोगाला रोपे कोलमडणे म्हणतात. तो मातीतील बुरशींमुळे होतो आणि त्या बुरशींना साचलेली ओल, दाट पेरणी व कोंदट हवा ही तिन्ही प्रिय असतात. औषधापेक्षा येथे सवय बदलणे परिणामकारक ठरते. बी विरळ पेरावे, पाणी सकाळी द्यावे, रोपे कोवळी असताना वरून झारी धरण्याऐवजी कुंडी पाण्याच्या परातीत काही मिनिटे ठेवून तळातून ओल चढू द्यावी, आणि माती वरून सुकलेली दिसल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी पेरणीपूर्वी मिश्रणात मिसळली तरी लाभ होतो.

वेळापत्रकाने पाणी घालणे किती घातक असते याचा अनुभव अंतराळातही आलेला आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर लावलेल्या झिनियाच्या रोपांवर डिसेंबर २०१५ मध्ये अतिरिक्त ओलाव्याने बुरशी चढली. काही रोपे दगावली. त्यानंतर अंतराळवीर स्कॉट केली यांनी ठरलेल्या वेळापत्रकाऐवजी रोपे पाहून पाणी देण्याची मुभा मागून घेतली आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यांतील एक झिनिया फुलली. घरच्या झिनियालाही नेमके हेच लागू पडते. दमट हवेत दाटीने लावली आणि पानांवर पाणी मारले की तिच्या पानांवर भुरीची पांढरी राख पसरते.

पाकिटात काय असते

बियांच्या पाकिटावरचे चित्र सर्वांत मोठे असते आणि उपयोगाची माहिती सर्वांत बारीक अक्षरांत. चाचणीची तारीख, उगवणीची टक्केवारी आणि वैधतेची मुदत या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. उन्हात टांगून ठेवलेली पाकिटे घेऊ नयेत. बी गुलाबी किंवा निळसर रंगाने माखलेले असेल तर त्यावर बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली आहे असे समजावे, हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. पिटुनियासारखे सूक्ष्म बी कधी कधी गोळीच्या रूपात मिळते. ते पेरणे सोपे, मात्र गोळीचे कवच विरघळेपर्यंत माती सुकू देता येत नाही.

पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ १’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ समजून घेणे गरजेचे आहे. दोन ठरावीक शुद्ध वाणांच्या संकरातून ते बी तयार झालेले असते. पहिल्या पिढीची झाडे एकसारखी, जोमदार आणि भरघोस फुलांची निघतात. परंतु त्यांचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्यांच्या आधारे जे मांडले तेच अंगणात घडते. आजी-आजोबांचे गुण वेगवेगळे होऊन कुठे उंच तर कुठे बुटके, कुठे दुहेरी तर कुठे एकेरी फुलाचे झाड उगवते. त्यात फसवणूक नाही, तो आनुवंशिकतेचा नियम आहे. मात्र असे बी दरवर्षी विकत घेणे आले. ज्यांना घरचे बी धरायचे आहे त्यांनी संकरित नसलेले वाण मागून घ्यावेत. अ‍ॅस्टरमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ मालिकेतील पांढरे, गुलाबी, जांभळे वाण किंवा बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का कामिनी’, ‘अर्का पूर्णिमा’ असे वाण शेतकऱ्यांप्रमाणे घरच्या बागेलाही चालतात.

घरचे बी

वापरून झालेल्या हारातील किंवा तोरणातील झेंडू कुस्करून कुंडीत टाकण्याची पद्धत घरोघर आहे. कधी त्यातून रोपे येतात, पुष्कळदा येत नाहीत. फूल बाजारात येते ते पूर्ण उमलल्यावर, म्हणजे बी तयार होण्याच्या आधी. पाकळ्यांखाली दिसणाऱ्या काळ्या काड्या म्हणजे बियांचे सांगाडे असतात; त्यांत गर भरण्यासाठी फूल झाडावरच आणखी काही आठवडे राहावे लागते. भरलेले बी काळे, टणक आणि किंचित फुगीर लागते. पोकळ बी चिमटीत वाकते. म्हणून बियासाठी दोन-तीन निरोगी झाडांवरील उत्तम फुले पहिल्या बहरातच निवडून, दोरा बांधून, वाळेपर्यंत झाडावरच राखावीत. हंगाम संपताना उरलेसुरले, खुजे फूल बियासाठी ठेवण्याची सवय वाण हळूहळू हलके करते.

तेरड्याचे बोंड हात लागताच फुटून बी उडवते, तेव्हा ते पिवळसर होताच कागदी पिशवीत धरून काढावे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एकेका फुलापुरती खरी असली तरी झाड काही आठवडे फुलत राहते, त्यामुळे बोंडेही टप्प्याटप्प्याने मिळतात. झिनिया आणि कॉसमॉस यांची फुले तपकिरी होऊन खडखडीत वाळल्यावर बी सहज सुटते.

बी टिकविणे हा बी धरण्याहून कठीण भाग आहे. बियाणेशास्त्रातील एक सर्वमान्य ठोकताळा असा की, बियातील ओलावा एक टक्क्याने घटला किंवा साठवणीचे तापमान सुमारे पाच अंश सेल्सिअसने उतरले की त्याचे आयुष्य अंदाजे दुप्पट होते. हे पाहता मुंबई-कोकणातील जून ते सप्टेंबर हे महिने साठवलेल्या बियांचा कर्दनकाळ ठरतात यात नवल नाही. बी सावलीत पुरते सुकवावे, कागदी पुडीत बांधावे, पुडीवर नाव व वर्ष लिहावे आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाला सिलिका जेल किंवा कोरडे भाजलेले तांदूळ घालून ठेवावे. बरणी फ्रिजमध्ये ठेवल्यास बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. उघडली तर आत दव धरते. झेंडू, झिनियाचे बी अशा रीतीने दोन-तीन वर्षे चालते. अ‍ॅस्टरचे बी अल्पायुषी असते, ते पुढच्याच हंगामात वापरावे. शंका असेल तर मटकीला मोड आणतात तसे वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. आठवडाभरात पंधरा-सोळांना कोंब आले तर बी उत्तम, दहाच्या आत आले तर दुपटीने पेरावे.

दोन सावधगिऱ्या

स्वयंपाकघरातील खसखस कुंडीत पेरून पॉपीची फुले आणावीत असा मोह काहींना होतो. खसखस हे अफूच्या झाडाचे बी आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ प्रमाणे त्या झाडाची विनापरवाना लागवड हा गुन्हा ठरतो. परवाने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील अधिसूचित भागांतच दिले जातात. पॉपी हवीच असेल तर शर्ली किंवा कॅलिफोर्निया पॉपीचे बी बियाणांच्या दुकानातून घ्यावे. स्वीट पी आणि लार्कस्पर यांचे बी विषारी असते, तेही मुलांपासून दूर ठेवावे.

दुसरी सावधगिरी कॉसमॉसची. पिवळा-नारिंगी कॉसमॉस इतका सोपा की नवख्याला पहिले फूल म्हणून तोच सुचविला जातो. त्याचा हाच गुण कुंपणाबाहेर अवगुण ठरतो. पुण्याच्या परिसरातील टेकड्या आणि घाटरस्त्यांच्या कडा पावसाळा सरताना आता या फुलांनी पिवळ्या झालेल्या दिसतात. लोक थांबून छायाचित्रे घेतात, परंतु तो मेक्सिकोचा पाहुणा आहे आणि जेथे त्याची दाटी होते तेथे सह्याद्रीच्या स्थानिक गवतांना व रानफुलांना जागा उरत नाही. एकाच फुलात कित्येक टोकदार बिया असतात आणि त्या कपड्यांना, जनावरांच्या अंगाला चिकटून दूर जातात. डोंगर, माळ किंवा ओढा घरालगत असेल तर कॉसमॉसऐवजी तेरडा किंवा झिनिया निवडावी. तो आधीच लावलेला असेल तर फुले कोमेजताच, बिया काळ्या पडण्यापूर्वी खुडून घ्यावीत, पुढच्या वर्षापुरते एक-दोन फुलांचे बी राखावे, आणि उपटलेली झाडे उकिरड्यावर किंवा टेकडीच्या उतारावर न फेकता खताच्या खड्ड्यात खोल पुरावीत.